आप्पाजींचा हव्यास

माझ्या वडिलांच्या सर्व्हिस बुकात इंग्रजीतून एक शेरा आहे: 'लाकडाची हाव असल्याचे स्वतः कबूल केले.' शेरा साफ चुकीचा आहे. पण तो लिहिणारा माणूस खोटारडा नव्हता, आणि माझ्या रागाचं सगळं दुखणं तिथेच आहे. खोटारड्याला निदान शिव्या तरी घालता येतात.

वडिलांचं नाव खंडोजीराव लाड. आम्ही त्यांना आप्पाजी म्हणायचो. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळुरात आलेल्या आणि परत जायचं विसरून गेलेल्या मराठ्यांपैकी आमचं घराणं. राहायला गवीपुरात. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची सरमिसळ. कुठला शब्द कुठल्या भाषेतला, हे आम्ही कधी तपासून पाहिलं नव्हतं. तसं कोणी स्वतःच्या घरात पाहतही नाही. माझी शाळा कानडी होती आणि मराठी लिहायला मला आईनं पोथीवरून शिकवलं. आता पुण्यात इतकी वर्षं राहून माझी मराठी धुऊन इस्त्री केल्यासारखी झाली आहे, पण तेव्हा ती तशी नव्हती.

आप्पाजी गावाबाहेरच्या एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. कोणाला कानस हवी, कोणाला पाना हवा, तो द्यायचा, संध्याकाळी परत घेऊन जागेवर ठेवायचा. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक स्क्रूसुद्धा हरवला नव्हता. स्वभावाने इतके सरळ की बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर हे त्याच्या मागे मागे जाऊन तिकीट घ्यायचे आणि उतरायचं ठिकाण चुकवायचे. आईला याची फार लाज वाटायची.

त्यांना नाद एकच, लाकडातून अंगठ्याएवढी माणसं कोरायची. बंगळुरात नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात. इतरांच्या बाहुल्या बाजारातल्या, मातीच्या, भडक रंगवलेल्या. आमच्या पायरीवर आप्पाजींची वरात असायची, काळ्याभोर शिसवी लाकडाची. पुढे डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका. मग जटक्यात, म्हणजे टांग्यात, बसलेला नवरदेव. पागोटं एका कानावर उतरलेला त्याचा मामा. स्वतःच्याच पदरावर पाय देऊन अडखळलेली करवली. दर वर्षी दोनतीन माणसं वाढायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका देवीला हात जोडायच्या आधी वरातीत यंदा कोण आलं ते बघायच्या. शेजारच्या गंगव्वाने तर त्यात स्वतःला ओळखलं आणि आठ दिवस आमच्याशी बोलणं टाकलं, कारण आप्पाजींनी तिला पंगतीतला लाडू कनवटीला लावताना कोरलं होतं. नवव्या दिवशी ती आपल्या बहिणीला घेऊन आली, ती बाहुली दाखवायला.

हत्यारं म्हणजे तुटलेल्या करवतीच्या पात्याची धार लावून केलेल्या दोन सुऱ्या आणि गुळगुळीत करायला काचेचा तुकडा. कोरायला बसायच्या आधी लाकडाचा तुकडा ते आठवडाभर खिशात घेऊन हिंडायचे. बोलता बोलता हात खिशात, आणि अंगठ्याने लाकडाच्या रेषा चाचपत राहायचे. कोणत्या बाजूने चिरेल आणि कोणत्या बाजूने ऐकेल हे डोळ्यांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात शेवटी तोंड. तोंड आधी केलं तर माणूस घाई करायला लागतो, म्हणायचे.

लाकूड यायचं बंगळुरातल्याच शिवाजीनगरहून. तिथे मल्लाप्पा नावाच्या सुताराचा खुर्च्याटेबलांचा कारखाना होता. त्याच्याकडे शिसवीचे कातरलेले तुकडे पडायचे. ते तो चुलीत घालायच्या आधी आप्पाजींसाठी बाजूला काढून ठेवायचा. दोघांची त्यावरच मैत्री झालेली.

आपण काही कला वगैरे करतो असं आप्पाजींच्या डोक्यातही नव्हतं. कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "काय न्हाई की. हव्यास आहे." बंगळुरातल्या कोणालाही विचारा, हव्यास म्हणजे काय. फावल्या वेळातला नाद. कोणाला तिकिटं जमवण्याचा हव्यास असतो, कोणाला गाण्याचा. शाळेत आमच्या बाई नव्या मुलीला नाव, गाव आणि हव्यास विचारायच्या. या शब्दात वाईट काही असेल, असं आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नव्हतं.

सत्तावन्न साली कारखान्यात मोठ्या साहेबांच्या खोलीला शिसवीच्या फळ्या ठोकायचं काम निघालं. फळ्या स्टोअर्समध्ये आल्या आणि त्यांतला हातभर तुकडा कमी भरला. त्याच संध्याकाळी फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. आप्पाजींच्या पिशवीत डबा, सुरी आणि अर्धवट कोरलेला सनईवाला निघाला. दसरा तोंडावर आलेला, म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत कोरत होते. शिसवी हरवली आणि शिसवी सापडली. झालं, पहारेकऱ्यांना आणखी काय हवं होतं? हातभर फळी आणि अंगठ्याएवढा सनईवाला यांत काही फरक असतो, हे बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

चौकशी बसली. चौकशीचं सगळं काम इंग्रजीत, आणि आप्पाजींचं इंग्रजी नटबोल्टांच्या नावांपुरतं. कानडीत सांगितलं असतं तर कारकुनाने इंग्रजी करून घेतलं असतं, आणि आज मला हे लिहावंही लागलं नसतं. पण नुकतेच पुण्याहून एक वेल्फेअर ऑफिसर आले होते, खासनीस नावाचे. त्यांनी आप्पाजींना बोलावून घेतलं. "लाड, तुम्ही आपल्यातले. मराठीत लिहून आणा. मी स्वतः भाषांतर करतो, दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही," म्हणाले. आप्पाजींना काय आनंद झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा एक साहेब त्यांच्याशी घरातल्या भाषेत बोलला होता. घरी येऊन आईला म्हणाले, "सोयरा, आता काळजी न्हाई. आपला माणूस आहे."

रविवारी सकाळी आप्पाजींनी सांगितलं आणि मी लिहिलं, कारण घरात माझं अक्षर चांगलं. त्यातलं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. 'मला लहानपणापासून लाकडाचा हव्यास आहे. तो मला सोडवत नाही. जेवणाच्या सुट्टीतही मी त्यातच असतो. कारखान्याची काडीही मी घेतलेली नाही. मल्लाप्पा सुतार साक्ष देतील. साहेबांनी माझा हव्यास समजून घ्यावा ही विनंती.' लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, छान झालंय. मलाही फार छान वाटलं होतं.

चौकशीच्या दिवशी मल्लाप्पा दुकान बंद करून आला. पिशवीत ज्या फळीतून सनईवाल्याचा तुकडा निघाला होता तिचा उरलेला भाग घेऊन आला होता. जोडून दाखवला असता तर लहान पोरालाही कळलं असतं. त्याला तीन तास बाहेरच्या बाकावर बसवलं आणि परत पाठवलं. कबुली लेखी आल्यावर साक्षीदाराची गरज नाही, असं सांगितलं. घेतलं नाही हे जे लिहिलं होतं त्याचं काय? तर तसं म्हणायची सगळ्यांची पद्धतच असते, हे उत्तर.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. त्यात ग्रीड हा शब्द होता, तो मला वाचता आला. लाकडाची हाव स्वतः कबूल केली, पूर्वीची नोकरी बघून दयाबुद्धीने कामावरून काढलेलं नाही, स्टोअर्समधून हलवून भंगाराच्या अंगणात नेमलं, आणि फाटकावर रोज झडती. दयाबुद्धी म्हणे. आप्पाजींनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "मी असं सांगितलो न्हाई," एवढंच म्हणाले.

आम्हाला वाटलं, खासनीसांनी मुद्दाम खोटं घातलं. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यांच्या नावाने बोटं मोडायची. आप्पाजी तेही करायचे नाहीत. रोज संध्याकाळी रांगेतून त्यांना बाजूला काढायचे, ते डबा उघडून दाखवायचे, त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं नजर चुकवून बाहेर पडायची. मला कोणी तसं केलं असतं तर डबा त्याच्या डोक्यावर घातला असता. आप्पाजी पहारेकऱ्याला "सरी?", ठीक ना, असं विचारून झाकण लावायचे.

आणि त्यांनी कोरणं सोडलं. कोणी सोडायला लावलं नव्हतं, पण त्यांचा हात खिशात जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा. मल्लाप्पा तुकडे पाठवायचा, ते आई मुकाट्याने चुलीत घालायची. दसऱ्याला आमची वरात वाजंत्रीशिवाय उभी राहिली. ती बघायला आलेल्या बायकांनी त्या वर्षी काही विचारलं नाही. त्यांच्या न विचारण्याचाही मला राग आला.

एकसष्ट साली माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. सासरी आल्यावर चौथ्या दिवशी चार बायका बघायला जमल्या. एकीने विचारलं, सूनबाईंना कशाची आवड? मी उत्साहाने सांगितलं, "मला भरतकामाचा फार हव्यास आहे." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई सावरून घेत म्हणाल्या, "आमची मुलगी स्पष्टवक्ती आहे हो." मला वाटलं, कौतुकच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना यजमानांनी हसत हसत शब्दकोश आणून माझ्यापुढे ठेवला. हव्यास: हाव, लोभ, अतिशय लालसा. मी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि रडायलाच लागले. ते बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, चेष्टा लागली. मला दिसत होतं माझंच वळणदार अक्षर. ज्याला आम्ही चार वर्षं खोटारडा म्हणत होतो, त्या माणसाने मी लिहिलेलं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं होतं. माझ्या बापाची चोरीची कबुली मी स्वतःच्या हाताने लिहून दिली होती.

आधी मला माझा राग आला. तो आठवडाभर पुरला. मग विचार केला, मी तरी काय केलं? आमच्या घरात, आमच्या गल्लीत, सगळ्या गावात त्या शब्दाचा जो अर्थ, तोच लिहिला. साहेबांना वेगळं वाटलं तर त्यांनी समोर बसलेल्या माणसाला एकदा विचारायचं, लाड, म्हणजे काय हो? एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण शब्द आपल्याला येतो अशी ज्याला खात्री असते, तो कशाला विचारतो?

त्रेसष्ट साली मी माहेरी आले ती शब्दकोश घेऊनच. आप्पाजींच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तो शेरा त्याआधी पुसला जावा, उरलेले महिने तरी त्यांनी झडतीशिवाय फाटकाबाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं. कोणाला न सांगता मी कारखान्यात गेले. खासनीस आता मोठ्या हुद्द्यावर होते. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून त्यांवर एक काळी वस्तू ठेवलेली होती. तो आमचा सनईवाला होता. पुरावा म्हणून जप्त केलेला, तोंड न कोरलेला. चोरीचा माल म्हणे, आणि चोरीचा माल साहेबांच्या टेबलाची शोभा वाढवत होता. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

सगळं सांगितलं. त्यांनी फाइल मागवली. फाइल घेऊन हेडक्लार्क शेषगिरी आले, बंगळूरचेच, कानडी. खासनीस म्हणाले, "बाई, तुमचं दुःख कळतं. पण मराठीत हव्यास म्हणजे हावच."

"कोणाच्या मराठीत?" मी विचारलं.

"मराठी एकच आहे."

शेषगिरी फाइल हातात धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "सार्, हव्यास अंद्रे हॉबी अल्लवा?" हव्यास म्हणजे छंदच ना, साहेब. ज्या गोष्टीसाठी माझ्या बापाने सहा वर्षं डबा उघडून दाखवला, ती सांगायला शेषगिरींना तेवढाच वेळ लागला. तेही सहा वर्षं शेजारच्याच खोलीत होते, पण त्यांच्यापर्यंत फक्त इंग्रजी कागद आला होता.

खासनीस लाल झाले. माणूस दुष्ट नव्हता, म्हणून तर लाल झाला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि वाट काढली. आप्पाजींनी अर्ज द्यायचा की, 'मराठी भाषेच्या अज्ञानामुळे माझ्याकडून चुकीचा शब्द वापरला गेला.' त्यावर सही झाली की शेरा रद्द, झडती बंद. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज टाइप करवून माझ्या हातात दिला. मी तो कागद छातीशी धरून घरी आणला.

आप्पाजी नुकतेच कामावरून आले होते. मी सगळं सांगितलं, कोशातलं पान दाखवलं, अर्ज वाचून दाखवला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "करा की सही," ती म्हणाली. "सुटाल एकदाचे."

आप्पाजींनी कोशाचं पान बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अंबू, हा शब्द मी कुठं शिकलो?"

"घरात."

"माझ्या आईकडं. ती पण चुकीची बोलली काय?"

"आप्पाजी, नुसती सही आहे. एका वर्षाचा प्रश्न."

"स्वल्प थांब." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. "त्यांना समजलं न्हाई, आणि अज्ञान माझं. चोर म्हणाले, ते सोसलो. मी घेतलो न्हाई, हे मला ठाऊक होतं. आता आपल्याला आपली भाषा येत न्हाई म्हणून माझ्याच हातानं लिहून देऊ? ते मला जमत न्हाई."

मी भांडले. आई भांडली. मी तर असंही म्हणाले की तुमच्या हट्टापायी आमची मान खाली जाते. ते शब्द मला परत घेता आले तर मी आजही घेईन. आप्पाजींनी माझं पेन मागितलं, टाइप केलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: 'मला लाकडाचा हव्यास आहे.' त्याखाली सही केली, खंडोजीराव लाड. "हे दे त्यांना," म्हणाले.

शेरा निघाला नाही, हे आताच सांगून टाकते. चौसष्ट साली आप्पाजी त्या शेऱ्यासकटच निवृत्त झाले, आणि शेवटच्या संध्याकाळीही फाटकावर त्यांची झडती झाली. पण सही केली त्याच आठवड्यात ते शिवाजीनगरला मल्लाप्पाकडे गेले, आणि पुढे अकरा वर्षं, हात थरथरायला लागेपर्यंत, कोरत राहिले.

तो कागद द्यायला दुसऱ्या दिवशी मीच गेले. रात्रीतून माझा राग आप्पाजींवरून उठून जिथे असायला हवा तिथे जाऊन बसला होता. खासनीसांनी कागद उघडला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"बाई, यांनी परत तेच लिहिलंय," ते म्हणाले. "ही तर पुन्हा कबुलीच झाली."

"होय, तेच लिहिलंय," मी म्हणाले. "तुम्हाला वाचता येत नसेल तर शेषगिरींकडून वाचून घ्या."